लवूची कळशी

नाचता येईना, अंगण वाकडे, असे आपण सहज म्हणून जातो. म्हणताना एकदाही मनात येत नाही की, कधी काळी कुठल्या तरी गावात एक खरेखुरे अंगण असले पाहिजे, त्यात पाय अडखळलेली एक खरीखुरी बाई असली पाहिजे, आणि तिच्या सबबीला हसणारी माणसेही असली पाहिजेत. ती माणसे गेली, अंगण गेले. वाक्य तेवढे उरले. त्या संध्याकाळी ती बाई घरी जाऊन जेवली की उपाशी निजली, हे कोणताही कोशकार सांगू शकणार नाही. शब्दाच्या उत्पत्तीचा शोध धातूपाशी येऊन थांबतो. माणसापर्यंत तो सहसा पोचत नाही.

एका वाक्प्रचाराच्या बाबतीत मात्र मी त्याचा जनकही पाहिला आहे आणि ज्याच्यावर तो बेतला गेला तो मनुष्यही. दोघे लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लावून राहत. परळच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवीत होतो, त्या काळात माझे बिऱ्हाड त्याच चाळीत, त्याच मजल्याच्या टोकाला होते.

जनकाचे नाव कुशाबा. मालवणच्या बाजूचा, उंच, हडकुळा. भुवयांत कापसाचे तंतू कायम अडकलेले, त्यामुळे तो तरुणपणीच वृद्ध दिसे. गिरणीत तो साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात त्या खात्यात होता. तिथे सगळे साचे एकदम खडखडू लागले की माणसाचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानालाही पोचत नाही. म्हणून तिथली माणसे ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. प्रत्येक अक्षराला ओठांवर पुरता आकार द्यायचा, जरूर तर हाताची एखादी खूण जोडायची, की खात्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या माणसाला ते वाचता येते. तिथे वर्षे काढलेला मनुष्य बाहेरच्या जगातही समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहतो. कुशाबा असाच पाहत असे. नव्या माणसाला ते जरा अपमानास्पद वाटे.

अशा ठिकाणी लांब वाक्ये परवडत नाहीत. मोठा आशय लहानशा शब्दसमूहात कोंबावा लागतो. कुशाबाला ती विद्या जन्मजात होती. तळमजल्यावरच्या अप्पांनी चाळीत वीज येण्याआधीच हौसेने टेबलावरचा पंखा विकत घेतला आणि तो हार घालून फळीवर ठेवला. तेव्हापासून, साधन हाती आणि उपयोग दूर, अशा प्रत्येक स्थितीला ‘अप्पांचा पंखा’ हे नाव पडले. पाहुणा उठून चपला घालून निघाल्यावर त्याला आग्रह करणे म्हणजे ‘जिन्यात चहा विचारणे’. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यात सूतच नसावे, तशी अर्थशून्य बडबड म्हणजे ‘रिकामा धोटा फेकणे’. त्याची बायको सुभद्रा दाराला कुलूप लावून नाक्यापर्यंत जाई आणि लागले की नाही हे पाहायला परत येई. म्हणून कसल्याही संशयी माणसाला ‘सुभद्रेचे कुलूप’.

“माझ्या कुलपाची जगभर बोंब केलात,” ती गॅलरीत तांदूळ निवडता निवडता म्हणे, “आता बिचाऱ्या अप्पांना तरी सोडा.”

“अगो, अप्पा स्वतः सांगत फिरतात. काल वाण्याला म्हणाले, माझी पेन्शन म्हणजे माझाच पंखा.”

“आणि मी? मला कोणी विचारलं?”

“तू हसलीस ना पयली?”

हा त्याचा दंडक होता, आणि तो त्याने धर्मासारखा पाळला. नवी म्हण जुळली की ज्याच्यावर ती बेतली त्याच्यासमोरच तो ती प्रथम उच्चारी. तो हसला, तर म्हण बाहेर जाई. मग इराण्याकडे त्याला कुशाबाच्या खर्चाने चहा मिळे. तो न हसला, तर म्हण तिथेच गिळली जाई. अशा गिळलेल्या म्हणीही पुष्कळ असाव्यात. हसणे म्हणजे संमती, असा त्याचा सिद्धांत होता. सिद्धांत निर्मळ होता. तो अपुरा होता, हे कळायला एक मनुष्य खर्ची पडावा लागला.

तो मनुष्य लवू. गुहागरकडचा, ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, त्याच साचेखात्यात कुशाबाच्या समोरच्या ओळीत. त्याची बायको जाईबाई खाणावळ चालवी. गिरणीतली एकटी राहणारी माणसे तिच्याकडे जेवत. खाणावळीला पाणी फार लागते आणि जाईबाईची कंबर एका बाळंतपणात कायमची गेली होती. मूलही राहिले नव्हते. म्हणून पाणी लवू भरी. पुरुष कळशी खांद्यावर घेतात. लवू ती बायकांसारखी कमरेवर घेई, कारण त्याने जाईबाईला पाहूनच ते काम उचलले होते. नळावरच्या बायकांना त्याची सवय झाली होती. रांगेत त्या त्याला बाजूही देत.

लवूचा आणखी एक स्वभाव होता. कुठेही आवाज चढला की तो कळशी घेऊन निघे. एकदा भर दुपारी गॅलरीत वाळत घातलेल्या ओल्या लुगड्यावरून दोन बिऱ्हाडांचे भांडण पेटले, माणसे मध्ये पडली, कोणी कोणाची कॉलर धरली. इतक्यात लवू दारातून बाहेर आला; कमरेवर कळशी, नजर जमिनीवर. आणि त्या गर्दीतून अंग चोरून तो नळाकडे चालू लागला.

“लवू, मेल्या, नळ कोरडा आहे रे!” कुशाबा ओरडला. “पाणी पहाटे!”

“असूंदे,” लवू म्हणाला. “पहाटेला पयला नंबर तरी लागेल.”

भांडणारेसुद्धा हसले. ओल्या लुगड्याचा तंटा तिथेच मिटला. दुसऱ्या दिवशी साचे चालू असताना कुशाबाने समोरच्या ओळीकडे पाहून, ओठ पुरते उघडून अक्षरे घडवली: कळशी उचलणे. आणि उजवा हात कमरेपाशी वाकवून, अदृश्य घागर धरल्यासारखा, किंचित डोलवला. अर्थ सांगण्याची गरज नव्हती: तंटा दिसताच सभ्यपणे नाहीसे होणे.

लवू हसला. सगळ्यांच्या आधी हसला. चहाही प्याला. “फुकटची प्रसिद्धी,” असे म्हणाल्याचे ऐकिवात आहे.

ती खूण गिरणीत वाऱ्यासारखी पसरली. इतर म्हणींना ओठ लागत. हिला नुसता हात पुरे. जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, कोणाला झापायला सुरुवात केली आणि शेजारचा खाली मान घालून सरकला, की साऱ्या ओळीचे हात कमरेवर जात. खात्यातून ती दुसऱ्या खात्यात गेली, दुसऱ्या गिरणीत गेली, चिंचपोकळीच्या वर्कशॉपांत गेली. वर्षभराने ठाकूरद्वारच्या एका वाडीत, लवूचे नावही न ऐकलेल्या एका गृहस्थाने आपल्या भावाविषयी बोलताना माझ्यादेखत तोच हात तसाच वाकवला. शास्त्रकार ज्याला रूढी म्हणतात, ती माझ्या डोळ्यांसमोर घडत होती, आणि खरे सांगायचे तर मला त्याचे कौतुक वाटत होते.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरणगाव आधीच तापलेले होते. पंचावन्नच्या अखेरीस फ्लोरा फाउंटनला माणसे पडली, तेव्हापासून प्रत्येक नाक्यावर सभा होऊ लागल्या. अशाच एका सभेत कोणी परगावचा वक्ता टेबलावर उभा राहून गरजला, “मुंबई मागायची वेळ आली आहे! आता ज्याला कळशी उचलायची असेल, त्याने खुशाल घरी जावे!”

समोरचा समुदाय हास्याने फुटला. शेकडो हात एकदम कमरेपाशी वाकले आणि डोलले. कुशाबा गर्दीत होता. आपण साच्यापुढे जुळवलेले दोन शब्द टेबलावरून, कर्ण्याच्या तोंडून, सबंध लालबागवर पसरताना पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याच्या शेजारी लवू उभा होता. त्याने लवूला कोपराने ढोसले.

“ऐकलंस? आता तुझं नाव दिल्लीपर्यंत जातंय.”

लवू तेव्हाही हसला.

त्या सभेनंतर लवू नळावर दिसेनासा झाला. जाईबाई स्वतः रांगेत उभी राहू लागली, एक हात कमरेवर, एक भिंतीला.

“लवूभावोजी हल्ली पाणी नाय भरत,” सुभद्रेने एकदा नवऱ्याला सांगितले. “जाईबाई काल जिन्यात बसली होती. उठवेना तिला.”

“दमला असेल.”

“दमला नाय. नळावर गेला की बायकाही हात करतात. मी पाहिलंय.”

“मस्करी आहे गो ती.”

खात्याच्या पार टोकावरचे ओठ वाचणाऱ्या त्या माणसाला भिंतीपलीकडचे हे साधे वाचता आले नाही.

पौषात आकाशवाणीवरून कळले की मुंबई वेगळी काढून केंद्राच्या हाती ठेवायची ठरली आहे. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या थंडावल्या आणि रस्ते पेटले. दगडांचा खच, जळक्या टायरांचा धूर, दुकानांच्या फळ्या बंद. आमच्या चाळीपुढच्या रस्त्यावर माणसांचा लोंढा पुढे जाई, परत मागे येई. दोन मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी गच्च भरल्या होत्या. सुभद्रेने कुशाबाला खाली जाऊ दिले नाही. तोही फारसा हटून बसला नाही, हे त्यानेच मला पुढे सांगितले.

लवू खाली गेला. जाईबाई चुलीपाशी होती. नवरा नेहमीप्रमाणे कुठे तरी बाजूला सरला असेल, अशी तिची समजूत. कुशाबाला तो दिसला तेव्हा तो रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, लोंढ्याच्या पुढच्या कडेला उभा होता. एवढ्यात शिपायांची तुकडी नाक्यावर आली. लोंढा फुटला, माणसे गल्लीबोळांत धावली. लवू धावला नाही. रिकाम्या होत जाणाऱ्या रस्त्यावर तो ठेंगणा मनुष्य हात लोंबकळत ठेवून उभा राहिला.

कल्लोळ इतका होता की हाक मारणे व्यर्थ होते. पण या दोघांना हाकेची गरज नव्हती. कुशाबाने कठड्यावरून ओणवे होऊन, साचेखात्यात बोलत तसे, ओठ पुरते उघडून म्हटले: लवू, वर ये. वर ये रे.

लवूने मान वर केली. त्याने वाचले. मग त्याचेही ओठ हलले, सावकाश, अक्षर न् अक्षर:

आज कळशी नाय.

आणि उजवा हात कमरेपाशी नेऊन, वाकवून, त्याने तो उघडला. धरलेले काही तरी रस्त्यावर टाकून द्यावे तसा. तो हसत होता की नव्हता, हे कुशाबाला कधीच निश्चित सांगता आले नाही. त्यानंतर गोळीबार झाला.

माणसांनी त्याला दुकानाच्या एका फळीवर घालून चाळीच्या जिन्यापर्यंत आणले, तेव्हा जीव गेलेला होता. संचारबंदीमुळे अंत्ययात्रा अशी निघालीच नाही. मोजक्या माणसांनी नेले. जाईबाईने त्या दिवशी टिपूस काढले नाही. चुलीवरची आमटी करपून तिचा वास सबंध मजल्यावर पसरला होता. सुभद्रेने ती उतरवली.

बाराव्यानंतर जाईबाई कुशाबाच्या दारात येऊन उभी राहिली.

“भावोजी, तुमी वरून बघत होतात. लोक सांगतात, ते तुमच्याशी बोलले. काय बोलले?”

कुशाबाने तिच्या ओठांकडे पाहिले, मग जमिनीकडे.

“‘जाईला सांभाळ’ म्हणाला, वैनी.”

 “असं,” ती एवढेच म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून जाईबाईचे पाणी कुशाबा भरू लागला. मुद्दाम कळशी कमरेवर घेई. नळावर हशा पिकला, तो त्याने सोसला. त्याच्या मनात एक वेडी आशा होती, ती त्याने एका रविवारी माझ्या खोलीत येऊन बोलून दाखवली.

“मास्तर, शब्द मोडता येतो काय?”

“कोणता?”

“तुम्हांला ठाऊक आहे.”

मी जे शिकलो होतो ते सांगितले. प्रयोग रूढ झाला की तो कर्त्याच्या मालकीचा राहत नाही. लोक मूळ प्रसंग विसरतात, आणि विसरले म्हणूनच तो टिकतो.

“मग अर्थ बदलता येईल? कळशी उचलणं म्हणजे दुसऱ्याचं ओझं उचलणं. मी रोज उचलतो. लोक बघतात. कधी तरी तसं म्हणतील?”

मी समोरच्या वह्या आवरू लागलो. तेवढ्यावरून त्याने वाचले असावे. “म्हणजे नाय,” तो म्हणाला आणि उठला.

त्याने प्रयत्न मात्र सोडला नाही. खात्यात कोणी हात वाकवला की तो साचा सोडून त्याच्यावर धावून जाई. परिणाम उलटा झाला: कुशाबा चिडतो म्हणून ती खूण अधिकच होऊ लागली. त्याच्या इतर म्हणी हळूहळू मावळल्या. चाळीत वीज आली, अप्पांचा पंखा फिरू लागला आणि त्या म्हणीतला प्राण गेला. नवी म्हण त्याने पुन्हा केली नाही. गॅलरीत बसे, पण गप्प. गंमत घडली की लोक त्याच्याकडे आशेने पाहत. तो उठून आत जाई.

साठ साली महाराष्ट्र राज्य झाले. एक मेच्या संध्याकाळी लालबाग दिव्यांनी लखलखले. गुलाल उडाला, पेढे वाटले गेले. नाक्यावर सत्काराची सभा झाली आणि गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्या माणसांना पुढे खुर्च्यांवर बसवले. जाईबाईही होती, मांडीवर नारळ, नजर खाली. वक्ता नवा होता. त्याच्या मनात आदराखेरीज काही नव्हते, हे मी स्वतः ऐकले म्हणून सांगतो. तो म्हणाला, “बंधूंनो, लालबागने त्या दिवशी कळशी उचलली नाही! आमच्या लवूने कळशी उचलली नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच, सवयीने, कौतुकाने, मागच्या रांगांतले हात कमरेवर गेले आणि डोलले. जाईबाईने मान वर करून ते सारे हात पाहिले. मग नारळ खुर्चीवर ठेवून ती निघाली.

कुशाबा तिच्या मागोमाग आला. ती गॅलरीत आपल्या उंबऱ्यावर बसली होती.

“आता खरं सांगा,” ती म्हणाली.

“काय, वैनी?”

“ते काय बोलले ते. माझं नाव नाय घेतलं त्यांनी. लग्न झाल्यापासून एकदा नाय घेतलं. ‘गो’ म्हणायचे, फार तर ‘आयकलंस काय’. मरताना कुठून घेतील?”

कुशाबा कठड्याला टेकला. कोकणातला नवरा चारचौघांत बायकोचे नाव घेत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? दया करायच्या घाईत तो तेवढेच विसरला होता.

“वैनी, तुमाला तेव्हाच कळलं होतं?”

“तेव्हाच. वाटलं, आपणहून सांगाल.”

मग त्याने सांगितले. शब्द सांगितले, हात उघडून दाखवला. आणि शेवटी म्हणाला, “त्या दिवशी कळशी मी उचलली होती, वैनी. वर उभा राहून.”

जाईबाईने त्याच्या उघड्या हाताकडे पाहिले. बोलली तेव्हा आवाज रोजच्या व्यवहाराचा होता.

“त्यांच्या बापाला बांधाच्या भांडणात डोक्यात कोयती घातली. ते शेजारी उभे होते, एवढेसे. तेव्हापासून कुठे आवाज चढला की हाताला काही तरी लागायचं त्यांना. नायतर हात थरथरायचे. कळशी जड असते, धरायला बरी.”

“मला कधी बोलला नाय.”

“तुमाला बोलतील? हसले असतील. भांडण नको म्हणून हसायचे ते. तुमच्यासमोर हसले, तेव्हाही तेच केलं त्यांनी.”

कुशाबाचा सिद्धांत तिथे संपला. ज्या हसण्यावर विसंबून त्याने ती म्हण जगात सोडली, ते हसणे म्हणजेच लवूने पहिल्यांदा उचललेली कळशी होती. हे विश्लेषण माझे नव्हे. त्या निरक्षर बाईचेही नव्हे म्हणता येईल, कारण तिने ते विश्लेषण म्हणून सांगितलेच नाही. नवऱ्याची एक सवय सांगावी, तसे सांगितले.

“उद्यापासून पाणी माझं मी भरीन,” ती म्हणाली.

“वैनी, तुमची कंबर...”

“माझी आहे ना? तुमी नका येऊ.”

“मला तेवढं तरी करू द्या.”

“नाय.”

पहाटे नळाला पाणी आले, तेव्हा गॅलरीच्या टोकाशी नेहमीची रांग होती. कालच्या गुलालाने फरशी अजून लालसर होती. जाईबाई आली. भरलेली कळशी तिने एका झटक्यात कमरेवर घेतली. वेदनेने तोंड कसेनुसे झाले, पण ती थांबली नाही. रांगेतल्या बायका आपोआप भिंतीला सरकल्या. त्यांतल्या एकीचाही हात हलला नाही. कुशाबा आपल्या दारात उभा होता. कळशी घ्यायला रोजच्यासारखा पुढे झालेला त्याचा उजवा हात तसाच, कमरेपाशी वाकलेला, रिकामा राहिला होता. आणि जाईबाई त्याच्यासमोरून जाईपर्यंत तो सरळ करण्याचे त्याला भान राहिले नाही.